भांगेचं नाटक

"भांग आली की तुमचं नाटक करतो. दहा-बारा दिवस आधी या. राहण्याजेवणाची काळजी नको."

माहीमच्या नाटक मंडळीचा हा निरोप सांगलीला पोचला तेव्हा माझा थोरला भाऊ पोट धरधरून हसला. "जा, जा," म्हणाला, "तुझं नाटक करायला भांग चढवलेलीच माणसं हवीत." वहिनीला मात्र खरीच काळजी लागली. बाईमाणूस एकटी, गाव समुद्राकाठचं आणि नाटकवाले भांग पिणारे! तिने माझ्या ट्रंकेत लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली. भांग उतरायला आंबट चांगलं असतं, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं.

हे माहीम मुंबईतलं नव्हे. पालघर स्टेशनावर उतरून समुद्राकडे गेलं की केळव्याच्या शेजारी जे लागतं ते. मी सांगलीत शाळेत शिकवते आणि नाटकं लिहिते, म्हणजे तोवर एकच लिहिलं होतं, 'वाढलेलं पान'. त्यात एक बाई आहे. नवरा घर सोडून गेलेला, का गेला ते कुणालाच माहीत नाही. ती चार घरची भांडी घासून दिवस काढते. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा दारात येऊन उभा राहतो. ती पाट मांडते, पान वाढते, तो जेवायला बसतो. दोघंही एक शब्द बोलत नाहीत. पडदा.

आमचं गाव नाटकाचं. सांगलीच्या माणसाला नाटकातलं बाहेरचं कुणी काही शिकवू शकतं, यावर आमचा विश्वास नसतो. म्हणून आधी गावातल्याच जाणत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "शेवट कुठाय?" तिने त्याला माफ केलं की नाही? टाळी कशावर पडायची? एका कंपनीच्या मालकांनी तर सुचवलं, शेवटी तिला एक भैरवी द्या. मी म्हटलं, ती भांडी घासते, तिला भैरवी कुठून येणार? ते म्हणाले, मग प्रेक्षक तरी कुठून येणार? बोलणं तिथेच खुंटलं. खरं सांगायचं तर तिने माफ केलं की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. ती बोलणार नाही, एवढंच ठाऊक होतं.

अशा वेळी कुणी आपलं नाटक करतो म्हणालं, तर ते भांग पितात की अफू खातात हे बघत बसायचं नसतं. मी निघाले.

पालघर

गाडीचं वर्णन करत नाही. बसले, अवघडले, उतरले.

स्टेशनावर माधव मास्तर आले होते. हे पालघरच्या शाळेत शिकवतात आणि माहीमच्या मंडळीची नाटकं बसवतात. माझ्या मावसभावाच्या वर्गातले, त्यामुळे माझं नाटक त्यांच्या हाती लागलं होतं. टांग्यात बसल्यापासून मी त्यांचे डोळे निरखत होते. तांबडे नव्हते. बोलणंही सरळ होतं. शेवटी राहवेना.

"मास्तर, एक विचारू? तुमच्या मंडळीत सगळेच भांग घेतात का?"

मास्तर गोंधळले. "घेत नाहीत हो ताई. भांग येते."

"कुणाला?"

"समुद्राला."

सकाळीच थोडी घेऊन आलेले दिसतात, अशी माझी खात्री पटली. तेवढ्यात टांगेवाल्याने मान वळवली. "बाई, भांग म्हंजे पानी मरतं ना, ती. पिवाची नाय ती!"

मग मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते इतके हसले की टांगा बाजूला घ्यावा लागला. हसू आवरल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा सगळ्या होड्या बाहेर. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटी नरम पडते, पाणी जागच्या जागी उभं राहिल्यासारखं होतं, जाळ्यात मासळी शिरत नाही. ती भांग. तेव्हा होड्या किनाऱ्यावर आणि माणसं घरी. मंडळीतले निम्मे नट मच्छीमार, प्रेक्षक तर त्याहून जास्त. म्हणून माहीमचं नाटक भांगेलाच होतं, आणि भांग चुकली तर पुढच्या भांगेपर्यंत कुणी थांबत नाही, तोवर लग्नसराई लागते.

आमच्याकडे नाटकाची तारीख गावची जत्रा ठरवते, नाहीतर मुख्य नटाचा घसा. समुद्राला विचारून तारीख काढणारे लोक मी पहिल्यांदाच पाहत होते. लोणच्याची बरणी मी त्याच दिवशी मास्तरांच्या घरी देऊन टाकली.

संध्याकाळी चहा घेताना मास्तर थोडे गंभीर झाले. "ताई, एक अडचण आहे. आमचे हरिभाऊ. तीसेक वर्षं मंडळीतली राणी, पतिव्रता, देवकन्या, सगळ्या बायका त्यांनीच केल्यात. त्यांनी तुमच्या नाटकातल्या बाईचं काम तोंडपाठ करून ठेवलंय. आणि तुम्ही तर निरोप पाठवला होता, की हे काम बाईनेच करायचं."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

मास्तरांनी बशीत चहा ओतला आणि त्यात बघत राहिले. "तुम्ही येताय म्हटल्यावर आम्ही म्हटलं, तुम्हीच सांगाल."

माहीम

दुसऱ्या दिवशी हरिभाऊंच्या वाडीत गेलो. पानाचा मळा मी आधी पाहिला नव्हता. सुपारीच्या उंच झाडांखाली गार सावली, झाडांमधून पाण्याचे पाट आणि विड्याच्या पानांच्या वेली हातभर उंचीपासून वर वर चढत गेलेल्या. हरिभाऊ पानं खुडत होते. साठीकडे झुकलेले, सडपातळ, दाढीमिशी साफ. पानं ठेवलेली टोपली उचलून ते आमच्याकडे आले तेव्हा ती टोपली त्यांनी कमरेवर घेतली होती, पाणवठ्यावरून येणारी बाई कळशी घेते तशी. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांच्या घरात जाताच काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझा ताबा घेतला. सारं गाव त्यांना काकीच म्हणत होतं, मीही म्हणू लागले. भिंतीवर एक चांगला मोठा आरसा होता. मी त्यात बघितलं तर काकी म्हणाल्या, "बगा, बगा. त्यो आरसा यांचा हाय. मना इतक्या वर्सात कवा मोकला मिलाला नाय. आमच्या घरात दोन बायका, त्यातली थोरली ही."

हरिभाऊ लाजून हसले. ते हसणंही नाटकातलं होतं, ओठ मिटून, मान किंचित कलती.

जेवायला तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि उकडहंडी. उकडहंडी म्हणजे पावट्याच्या शेंगा, कोनफळ, रताळी, ओला मसाला असं सगळं मडक्यात घालून मंद जाळावर शिजवलेलं. आम्ही कृष्णाकाठची माणसं तिखटाला भीत नाही, पण काट्याला भितो. बोंबील निभावला. पुढच्या माशाने दगा दिला. काटा घशात, डोळ्यांत पाणी, मास्तरांची धावपळ. काकी शांतपणे उठल्या, सुक्या भाताचा मुठीएवढा गोळा माझ्या हातावर ठेवला. "चावाचा नाय. गिलाचा." गिळला. काटा गेला. त्या माउलीचे उपकार माझा गळा अजून मानतो.

जेवण झाल्यावर हरिभाऊ सुपारी कातरत बसले आणि नाटकावर बोलू लागले. मी आजवर खूप नाटकवाल्यांशी बोलले आहे, पण माझं नाटक इतकं नीट वाचलेला माणूस मला भेटला नव्हता.

"बाई, जुन्या नाटकात राणीला दुख झालं त ती गाते. गानं झालं का लोक वन्स मोर म्हनतात, मंग ती परत रडते. तुमच्या बाईला दुख झालं त ती भांडी घासते. ह्ये लय अवघड हाय. भांड्याला वन्स मोर कोन दील?"

"मग तुम्हाला आवडलं नाही?"

"आवडलं म्हनून त पाठ केलं." त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि बसल्या जागी तिसऱ्या अंकातलं ते बोलणं म्हणून दाखवलं, ती बाई रिकाम्या पाटाशी बोलते ते. समोर भांडं नव्हतं, पण त्यांच्या हाताखाली भांडं दिसलं. राख दिसली. आणि त्याच क्षणी मला कळलं की हे चालणार नाही. लोक म्हणाले असते, हरिभाऊ काय हुबेहूब करतात! सगळं नाटक त्या कौतुकात वाहून गेलं असतं. माझ्या बाईकडे बघताना कुणाला कौतुक सुचायला नको होतं.

हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. गोड बोलून काटा काढणं मला जमत नाही. काकी दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. हरिभाऊंनी सुपारीचं एक खांड बोटांत फिरवलं.

"बाईचं काम बाईनं करावं, ह्ये मी पन मानतो," ते म्हणाले. "आता मना राणी कोन करू देनार? गळा बसला. गालफडं बसली. पन मंग मी काय करू? मंडळी म्हनते, हरिभाऊ, तुमी आता सल्ला द्या. सल्ला म्हंजे खुर्ची. पुढल्या रांगेत बसाचं आन् मान डोलवाची."

मला तो माणूस खुर्चीत दिसेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही नवऱ्याचं काम करा."

मास्तरांना ठसका लागला. "हरिभाऊ? बाप्याचं काम?"

हरिभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग आरशाकडे. "जमलं त जमलं," ते हळू म्हणाले. "लोक हसले त मंग मीच सांगतो, यंदापासून मी प्रेक्षकात."

बोईसर

आता बाई हवी होती, आणि ती मास्तरांनी शोधून ठेवली होती. बोईसरला तेव्हा माणसांची नुसती रीघ लागली होती. तारापूरच्या किनाऱ्यावर वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. स्टेशनाबाहेर लोखंड, सिमेंट, मालमोटारी, आणि कानावर हिंदी, तेलुगू, आमच्या देशावरची मराठी, सगळं एकदम. भाताची खाचरं संपतात तिथे पत्र्याच्या चाळी सुरू होत होत्या.

अशाच एका चाळीत वत्सला राहत होती. नवरा फिटर. कामगारांच्या गणपतीत तिने सासूसुनेची नक्कल केली होती, ती मास्तरांनी पाहिली होती. दारात पाऊल टाकलं आणि मला ज्वारीच्या भाकरीचा वास आला. मी विचारलं, "कुठलं गाव?"

"जत वो बाई. तुमी?"

"सांगली."

"आगं बया!" असं म्हणून तिने मला हाताला धरून चुलीपुढेच बसवलं. भाकरी, ठेचा आणि दही. इकडे येऊन मला उणेपुरे तीन दिवस झाले होते, पण मी परदेशातून परतल्यासारखी जेवले. तिचा नवरा दाराशी बसून आम्हा दोघींची मजा बघत होता. मी त्याला विचारलं, बायकोने नाटकात काम केलेलं चालेल ना? तो म्हणाला, "घरात रोज करतीच की. गावानं बी बघू द्या."

तालमी मास्तरांच्या शाळेच्या दालनात, मुलं घरी गेल्यावर. वत्सलाचं बोलणं पहिल्या दिवसापासून खणखणीत. घोडं अडलं ते हातांवर. घरात दहा कामं एकदम करणारी ती बाई चार लोकांसमोर उभी राहिली की हातांचं काय करावं ते तिला कळेना. पदर सारखा निसटायचा, ती सारखा ओढायची.

"घरात ह्यो आपसूक राहतुया," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "हितं लक्ष गेलं की सुटतुया."

हरिभाऊ उठले. धोतर-सदऱ्यातच, फक्त खांद्यावरचा पंचा त्यांनी पदरासारखा घेतला. "पदराकडं बगू नका. त्यो तुमचा हाय, त्यो कुटं जाते? राणीचा पदर लोकांसाठी असते. तुमचा पदर कामासाठी हाय. ह्यानं घाम पुसाचा. ह्यानं तापलेलं भांडं धराचं. ह्यानंच पोराचं नाक पुसाचं. काय तरी काम द्या त्याला, मंग त्यो पडनार नाय."

त्यांनी एकेक करून दाखवलं. वत्सला बघत राहिली. मग तिने पदर कमरेला खोचला, पुन्हा सोडला, कपाळ पुसलं, आणि तिचे हात जाग्यावर आले. एका बाईला पदर कसा घ्यावा हे एक पुरुष शिकवतोय आणि ती मनापासून शिकतेय, हे दृश्य बघताना कुणालाच हसू आलं नाही.

हसू आलं ते पुढे.

शेवटचा प्रवेश. वत्सलाने पाट मांडला, पान वाढलं. नवऱ्याने येऊन बसायचं. हरिभाऊ चालत आले ते आधी गुडघे जुळवून बसले. मास्तर म्हणाले, मांडी घाला. घातली. मग त्यांनी पानाकडे पाहिलं, आणि त्यांचा उजवा हात सावकाश वर गेला आणि डोक्यावरचा पदर सारखा करू लागला. पदर नव्हताच. हात नुसताच कानामागून खाली आला.

दालन हसून दणाणलं. पेटीवाला पेटीवर कोसळला. मीही हसले. हरिभाऊसुद्धा आधी हसले. पुन्हा केलं, पुन्हा हात गेला. तिसऱ्यांदा त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला, तर पानातला घास कशाने उचलणार?

मग कुणी हसेना. हरिभाऊंच्या कपाळावर घाम आला होता. तीस वर्षं जेवणाच्या पानासमोर, देवासमोर, दुःखासमोर तो हात डोक्यावर गेला होता. त्याला आता कोण आणि कसं सांगणार?

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, अजून वेळ आहे. दुसरा माणूस घेऊ. नाटक शेवटावर उभं आहे तुमचं. तिथे लोक हसले तर तुमचंही गेलं आणि त्यांचंही."

मी त्या शेवटासाठी कंपनीवाल्यांशी भांडले होते. मोह झाला, नाही म्हणत नाही. पण दालनाच्या कोपऱ्यात हरिभाऊ एकटेच पाटावर बसून, उठून, पुन्हा बसून पाहत होते. मी म्हटलं, "तेच करतील."

चिंचणी

मध्ये एक दिवस पडद्यासाठी चिंचणीला गेलो. तिथे एक जुनी मंडळी होती, आता बंद पडलेली. तिचे रंगवलेले पडदे एका म्हाताऱ्या शेतकरी आजोबांनी भाताच्या कणगीवर जपून ठेवले होते. त्यांनी पडवीत एकेक उलगडून दाखवला. दरबार, जंगल, रस्ता.

"आजोबा, गरिबाचं घर नाही का?"

आजोबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाई, गरिबाचं घर बगाला पडदा कशाला? उठून घरी जावाचं."

शेवटी मास्तरांनी तोड काढली, दरबारचाच पडदा उलटा लावायचा. मागची बाजू मळकट पांढरी, चुन्याच्या भिंतीसारखी. आजोबांनी भाडं घेतलं नाही. नाटक किती वेळाचं, एवढंच विचारलं. दोन तास म्हटल्यावर ते विचारात पडले. "मंग उरल्या रातीचं काय कराचं?" इकडे नाटक म्हणजे कोंबडा आरवेपर्यंत. माझं नाटक दिवेलागणीला सुरू करून नंतर भजन ठेवायचं ठरलं, म्हणजे लोकांना उपाशी उठवल्यासारखं व्हायला नको.

निघताना आजोबांनी हरिभाऊंची चौकशी केली. "त्यानं आमच्या हितं राणी केलेली. माझी आई जिवंत होती तवा. नाटक झाल्यावर ती त्याला हळदीकुंकू लावाला निघाली, आमीच थांबवली." मी ही गोष्ट हरिभाऊंना सांगितली नाही. त्या दिवसांत ती ऐकून त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, मला ठरवता आलं नाही.

भांग

अष्टमी आली. दुपारी मी किनाऱ्यावर गेले. होड्या वाळूत तिरक्या पडल्या होत्या, जाळी बांबूंवर वाळत होती आणि पाणी खरोखरच उभं होतं. येत नव्हतं, जात नव्हतं. नाटकात ढोलकी वाजवणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जाळ्यातला गुंता सोडवत बसला होता. मला म्हणाला, "बाई, तुमचा शेवट मना समजला. मास्तर म्हनत, समजनार नाय. पन समजला. ती भांग हाय. पानी बोलत नाय, पन आत असते ना!"

सांगलीच्या जाणत्यांपैकी कुणालाही जे सापडलं नव्हतं ते या माणसाने जाळ्याची गाठ सोडता सोडता सांगितलं. मला एकदम धीर आला. मी त्याला नमस्कार केला तर तो ओशाळून हसला.

सूर्य मावळला, डोक्यावर अर्धा चंद्र दिसू लागला. देवळापुढच्या पटांगणात बत्त्या पेटल्या. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मध्ये दोरी. बोईसरहून एक मालमोटार भरून कामगार आले होते, वत्सलाचा नवरा पुढेच. मी काकींच्या शेजारी चटईवर बसले. बत्तीचा उजेड पडद्यामागून पडला तेव्हा माझ्या गरीब बाईच्या भिंतीतून दरबाराचे खांब पुसट दिसायला लागले. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "आदी बरे दिस व्हते वाटतं तिचे."

वत्सलाने पहिल्या अंकातच गाव खिशात घातलं. तिचं बोलणं देशावरचं, पण भांडी सगळीकडे सारखीच घासतात. दुसऱ्या अंकात बायका तिच्याबरोबर सुस्कारे टाकू लागल्या. मला मात्र काही दिसत नव्हतं. मी तिसऱ्या अंकाच्या शेवटाची वाट बघत होते. काकींनी माझा हात धरला होता.

नवरा दारात आला.

हरिभाऊंनी दाढीचे खुंट वाढवले होते. सदरा मळका. ते उभे राहिले आणि क्षणभर लोकांना ओळखूच आले नाहीत. मग कुजबुज झाली, "हरिभाऊ! हरिभाऊ हाय!" वत्सलाने पाट मांडला. पान वाढलं. ते मांडी घालून बसले, नीट, पुरुषासारखे. मी श्वास सोडला.

त्यांनी पानाकडे पाहिलं, आणि हात वर गेला.

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक. काकींनी डोळे मिटून घेतले. हरिभाऊंना ते ऐकू आलं असणार, कारण हात कानाशी येऊन तिथेच थांबला. खाली घेता येईना, वर नेता येईना.

वत्सला हातात तांब्या घेऊन उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला. ती त्यांच्याजवळ आली, कमरेला खोचलेला पदर सोडला आणि त्या अडलेल्या हातात आपल्या पदराचं टोक दिलं.

हरिभाऊंनी ते टोक धरलं. धरून बघितलं. आणि त्यात तोंड लपवून ते रडले, बाईसारखे नाही, राणीसारखे नाही, वर्षानुवर्षं घराबाहेर राहिलेला माणूस रडेल तसे, आवाज न करता, खांदे हलवत. वत्सलाने पदर ओढून घेतला नाही. वाढलेल्या पानासमोर ती तशीच उभी राहिली.

हसणं कुठल्या कुठे गेलं. पटांगणात बत्त्यांचा सूं सूं आवाज तेवढा उरला. पडदा ओढणारासुद्धा रडत होता, त्यामुळे पडदा उशिरा पडला, आणि ते बरंच झालं. टाळी पडली नाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या, मीही पुसले. माझ्या बाईने नवऱ्याला माफ केलं होतं, आणि मला ते सगळ्या गावाबरोबर त्या क्षणी कळलं.

आत गेले तर हरिभाऊ पेटीवाल्याच्या खोक्यावर बसलेले. मला बघून उठले. "बाई, हात चुकला. माफ करा."

वत्सला खोपा सोडत होती. ती तिथूनच म्हणाली, "चुकला कुटं? मी धरला की."

मी त्या दोघांच्या पाया पडले. हरिभाऊ मागे सरकले, पण वत्सला हसून म्हणाली, "पडू द्या वो, सांगलीच्या हायती, सहजी कुनाच्या पाया पडत न्हाईत." बाहेर भजन सुरू झालं होतं आणि मास्तर मंडळींना चहा वाटत फिरत होते.

सांगलीला परतल्यावर भावाने पहिला प्रश्न तोच विचारला, "काय, कशी होती भांग?" मी म्हटलं, चांगली होती, नाटकाचा शेवट तीत सापडला. तो अजून हसतोय. मी लिहिलेल्या शेवटाखाली आता एक ओळ वाढली आहे: ती पदर पुढे करते, तो तोंड पुसतो. पुढे जिथे जिथे हे नाटक होईल तिथे लोक ती ओळ माझी समजतील. म्हणून हे सगळं लिहून ठेवलं. ती ओळ माहीमच्या हरिभाऊंची आणि बोईसरच्या वत्सलाची आहे. नाटकाच्या गावाहून मी तिथे गेले आणि माझं नाटक तिथून घेऊन आले.

माहीमहून निघाले त्या सकाळी टांगा हरिभाऊंच्या दाराशी उभा होता. हरिभाऊंनी केळीच्या खोडाच्या सोपटात बांधलेली विड्याची पानं माझ्या ट्रंकेवर ठेवली. पुढच्या वर्षीच्या भांगेला काय करायचं, यावर ते मास्तरांशी वाद घालत होते. त्यांना आता सावकाराचं काम हवं होतं, मिशांसकट.

काकी मला टांग्यापर्यंत सोडायला आल्या. मी टांग्यात चढले तशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाई, लगीन झाल्यापासून मी यांचं एक नाटक चुकवलं नाय," त्या म्हणाल्या. "पन नाटकात माजा नवरा मना काल पयल्यांदा दिसला."